निजण्याच्या खोलीत बॅटरी नको

ग्वाल्हेर शहराच्या ज्या भागाला लष्कर म्हणतात, त्याचे नाव दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडले. १८१० साली ही छावणी किल्ल्याच्या दक्षिणेस पडली. पुढे तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले, पेठा वसल्या, आणि मराठी बोलणारी कितीतरी घराणी तेथे आजतागायत नांदत आहेत. जुन्या वाड्यांची ठेवण त्या काळाच्या गरजेला धरून केलेली असे. रस्त्याकडे एक भक्कम दरवाजा, दरवाजाच्या आत देवडी, पुढे चौक, आणि चौकाच्या कोपऱ्यातून वर चढणारा अंधारा, अरुंद जिना. एकदा दरवाजाला अडसर घातला की घरातील माणसे निर्धास्त झोपत.

त्या देवडीत आता एक नवे बिऱ्हाड येऊन राहिले आहे. रात्री गल्लीतून जाताना पाहावे, तो कोठे दरवाजाच्या आत विजेवर चालणारी स्कूटर उभी असते, कोठे ई-रिक्षा भिंतीला टेकवून ठेवलेली असते, आणि वरच्या खिडकीतून खाली सोडलेली वायर तिच्या पोटात गेलेली दिसते. चार्जरचा तांबडा दिवा अंधारात मिणमिणत असतो. ग्वाल्हेरच्या रस्त्यांवर आज हजारो ई-रिक्षा धावतात. दिवसभर धावलेल्या त्या सगळ्या गाड्यांना रात्री कोठेतरी वीज पाजावीच लागते, आणि हे ‘कोठेतरी’ म्हणजे बहुधा राहत्या घराचे दार असते.

शहरातील ही गोष्ट आपल्या खेड्यांना परकी आहे असे कोणी समजू नये. आपल्या घरांतील बॅटऱ्या एकदा मोजून पाहाव्यात. प्रत्येकाचा मोबाइल, मुलाची पॉवर बँक, वीज गेल्यावर लावावयाचा दिवा, हातातील विजेरी, पाठीवर अडकवून बागेत औषध मारण्याचा पंप, आणि आता अंगणात आलेली स्कूटर. एकेकाळी घरात रेडिओचे आणि विजेरीचे मसाले तेवढे असत, आणि ते संपले की फेकून देत. आताच्या बहुतेक बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या आहेत. त्या पुन्हा पुन्हा भरता येतात, वजनाला हलक्या आहेत, आणि फार मोठी शक्ती लहान जागेत कोंबून ठेवतात. हे कोंबणे हाच त्यांचा गुण, आणि त्यांच्यापासून संभवणारा धोकाही त्यातूनच निघतो.

कोणती गाडी घ्यावी आणि ती किती मैल चालते याची चर्चा लोक चवीने करतात. ती बॅटरी रात्री कोठे असते, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते पहिला प्रश्न तोच आहे. तसे आम्हांला का वाटते, ते काही घडलेल्या घटनांवरून सांगतो.

वसई हे नाव या पानांच्या वाचकांना परिचयाचे आहे. २३ सप्टेंबर २०२२ च्या पहाटे वसई पूर्वेच्या रामदासनगरात एका घरातील दिवाणखान्यात स्कूटरची काढून आणलेली बॅटरी चार्जिंगला लावलेली होती. त्याच खोलीत सात वर्षांचा एक मुलगा आपल्या आजीजवळ झोपला होता. पहाटेच्या सुमारास बॅटरीचा स्फोट झाला. आजी बचावली. मुलगा मात्र गंभीर भाजला आणि ३० सप्टेंबरला रुग्णालयात त्याने प्राण सोडला. या घरातील माणसे बेपर्वा होती असे म्हणण्याचा अधिकार आपणांपैकी कोणालाही नाही. गाडीतून बॅटरी काढून घरात आणून चार्ज करता येते, ही तर त्या गाड्यांची सोय म्हणूनच सांगितली जाते. वडिलांनी ती सोय वापरली, एवढेच.

त्याच वर्षी मार्च महिन्यात तामिळनाडूतील वेल्लोर येथे घरी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरने रात्री पेट घेतला, आणि बाप व मुलगी धुराने गुदमरून दगावली. एप्रिलात तेलंगणातील निजामाबादला घरात चार्ज होत असलेली बॅटरी फुटून ऐंशी वर्षांचे एक वृद्ध मृत्युमुखी पडले. नंतर जानेवारी २०२५ मध्ये, ग्वाल्हेर ज्या राज्यात आहे त्याच मध्य प्रदेशातील रतलाम गावी, मध्यरात्र उलटल्यावर घराशी चार्जिंगला लावलेल्या स्कूटरला आग लागली. आजोबांच्या घरी आलेली अकरा वर्षांची मुलगी त्या आगीत गेली.

चार गावे, चार निरनिराळी घरे. गाड्याही एकाच कारखान्याच्या नव्हत्या. तरी या घटना शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे एक साम्य डोळ्यांत भरते. बॅटरी माणसांच्या अंथरुणाजवळ होती किंवा त्यांच्या बाहेर पडण्याच्या वाटेवर होती, आणि बहुतेक ठिकाणी माणसे झोपेत होती. हीच बॅटरी भर दुपारी मोकळ्या अंगणात फुटली असती, तर नुकसान गाडीचे झाले असते. फार तर भिंत काळी पडली असती.

वाट अडली म्हणजे काय होते, हे समजावयास बॅटरीचीच आग पाहिली पाहिजे असे नाही. जून २०२४ मध्ये ग्वाल्हेरच्याच बहोडापूर भागात एका घराला रात्री आग लागली. खाली माल साठविलेला, वर राहते घर. वरच्या मजल्यावर अडकलेले वडील आणि त्यांच्या दोन मुली वाचू शकल्या नाहीत. ती आग बॅटरीची होती असे आम्ही म्हणत नाही, परंतु खालून उठणारा धूर जिन्यावाटे वर कसा चढतो आणि वरच्यांना खाली येणे कसे अशक्य करून टाकतो, ते तीत दिसून आले. त्याच वर्षी एप्रिलात छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात खाली शिंप्याचे दुकान आणि वर बिऱ्हाड अशा इमारतीत एकाच कुटुंबातील सात माणसे पहाटे गुदमरून मेली. तेथे दुकानात चार्जिंगला लावलेल्या विजेच्या दुचाकीवर प्रथम संशय घेण्यात आला होता. जिना हे घराचे धुराडे आहे. चुलीवरच्या धुराड्याच्या तोंडाशी कोणी अंथरूण घालील काय? तरी जिन्याखालची रिकामी जागा पाहिली की गाडी तेथेच लावावी, असे आपणां सर्वांना वाटते.

आता या बॅटरीच्या पोटात काय असते ते थोडक्यात पाहू. वाचकांना हा भाग रुक्ष वाटेल, पण तो समजल्यावाचून पुढच्या सूचना केवळ हुकूम वाटतील.

स्कूटरची बॅटरी म्हणजे एक सलग वस्तू नव्हे. तीत लहान लहान सेल एकमेकांस जोडलेले असतात. एक प्रचलित जातीचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणजे विजेरीच्या मसाल्याहून थोडासा मोठा असतो, आणि साधारण स्कूटरच्या बॅटरीत असे दोनशेच्या आसपास सेल लागतात. प्रत्येक सेलमध्ये धन व ऋण अशा दोन लांब पट्ट्या गुंडाळी करून बसविलेल्या असतात. त्या दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक पडदा असतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. सगळा सेल एका द्रवाने भिजलेला असतो, आणि हा द्रव ज्वालाग्राही आहे. पडदा शाबूत आहे तोवर सर्व ठीक चालते. मार बसून तो फाटला, किंवा उष्णतेने वितळला (सुमारे १३० अंशांवर तो वितळू लागतो) की दोन्ही पट्ट्या एकमेकींस भिडतात, आतल्या आत ठिणगी पडते आणि सेल तापू लागतो. तापल्याने आतील रासायनिक क्रिया वाढते, क्रिया वाढल्याने तो आणखी तापतो. एक सेल पेटला की शेजारचा तापतो, मग तिसरा. म्हणूनच अशी बॅटरी जळताना फटाक्यांच्या माळेसारखी एकामागून एक फुटत जाते.

शिवाय या आगीत धन पट्टीतील पदार्थांतून प्राणवायूही सुटतो. साध्या आगीवर घोंगडी टाकून तिचा श्वास कोंडता येतो. ही आग आपला श्वास बरोबर घेऊन येते. तिच्या धुरात विषारी वायू असतात, त्यांत हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुप्फुसे जाळणारा वायूही असतो. झोपलेल्या माणसाला ज्वाला पोहोचण्याआधी हा धूर पोहोचतो.

एवढे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. ही बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या मुळाशी असलेल्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज जगात अशा अब्जावधी बॅटऱ्या निमूटपणे आपले काम करीत आहेत. बिघडणारी क्वचित एखादी. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, हे आपण विसरून चालणार नाही. फरक एवढाच की पेट्रोलची टाकी काढून कोणी ती लेकरांच्या उशाशी ठेवीत नाही.

मोबाइल आणि स्कूटर यांच्या बॅटऱ्यांत जात एक असली तरी आकाराचे अंतर मोठे आहे. साध्या स्कूटरच्या बॅटरीत शंभरावर मोबाइल भरतील इतकी शक्ती असते, आणि ई-रिक्षाच्या बॅटरीत अडीचशेच्या घरात. मोबाइल पेटला तर गादी जळेल, हात भाजेल. स्कूटरची बॅटरी पेटली तर खोली जाते.

बॅटरी बिघडते कशाने? मार लागल्याने, आत पाणी शिरल्याने, कारखान्यातच काही दोष राहिल्याने. परंतु घरोघरी टाळता येण्याजोगे जे कारण आहे ते चार्जरचे, आणि त्याविषयी आम्ही जरा विस्ताराने सांगणार आहोत, कारण दुकानदारही याबाबतीत पुष्कळदा चुकीचे सांगतात.

बॅटरीवर ‘४८ व्होल्ट’ असे छापलेले असते, आणि चार्जरवरही ‘४८ व्होल्ट’ असते. गिऱ्हाईक म्हणते, जोडी जमली. प्रत्यक्षात ४८ व्होल्ट या एका नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. एका प्रकारात १३ सेल ओळीने जोडलेले असतात, आणि त्यांतील प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो. म्हणजे सबंध बॅटरी ५४.६ व्होल्टला भरली. दुसरा प्रकार लोह-फॉस्फेटचा. त्यात १६ सेल असतात, प्रत्येक ३.६५ व्होल्टला भरतो, म्हणजे बेरीज ५८.४. या दुसऱ्या बॅटरीचा चार्जर पहिलीला लावला, तर प्रत्येक सेलवर जवळजवळ साडेचार व्होल्टचा दाब येतो. सेलला ४.२ च्या वर नेणे म्हणजे काठोकाठ भरलेल्या घागरीत पंप चालू ठेवण्यासारखे आहे. बॅटरीच्या आत बसविलेली रक्षक पाटी अशा वेळी वीज तोडते खरी. पण ती पाटी हलक्या प्रतीची असली, किंवा जुनी होऊन बिघडली असली, म्हणजे अडविणारे कोणी उरत नाही.

ई-रिक्षावाल्यांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. बहुतेक रिक्षा आधी शिसे-आम्लाच्या चार जड बॅटऱ्यांवर चालत, आणि अजूनही पुष्कळ चालतात. त्या निकामी झाल्या की मालक लिथियमची बॅटरी बसवून घेतो. चार्जर मात्र चांगला चालू आहे, तो कशाला टाकावा, म्हणून जुनाच ठेवतो. काटकसरी माणसाचा हा विचार समजण्यासारखा आहे. तथापि शिसे-आम्लाचा चार्जर लिथियमसाठी केलेला नसतो, आणि नव्या बॅटरीच्या किमतीपुढे नव्या चार्जरची किंमत काहीच नाही. बॅटरी बदलली की चार्जर बदललाच पाहिजे, आणि तो बॅटरी देणाऱ्याकडूनच, त्याच बॅटरीसाठी म्हणून लिहून घेतलेला असावा. मोबाइलच्या बाबतीतही रस्त्यावर मिळणारा पन्नास रुपयांचा चार्जर घेऊ नये, हे ओघाने आलेच.

लोह-फॉस्फेटचे सेल इतरांच्या मानाने शांत स्वभावाचे असतात. ते पेटावयास जास्त उष्णता लागते. नवी बॅटरी घेताना हा प्रकार मागून घ्यावा, असे आम्ही सुचवू. ‘शांत’ म्हणजे ‘निर्धोक’ मात्र नव्हे.

उष्णतेचा विषय निघाला म्हणजे ग्वाल्हेरचा उन्हाळा आठवतो. तेथे मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, लू वाहते, दगडी भिंती रात्रीही तापलेल्या असतात. अशा दुपारी गाडी चालवून आलेल्या माणसाची बॅटरी आधीच गरम असते. ती तशीच चार्जिंगला लावली की तापलेल्यावर आणखी ताप चढतो. निदान तासभर सावलीत तिला निवू द्यावे. कोकणात ऊन इतके कडक नसले तरी तेथे दमटपणा आणि खारा वारा आहेत, आणि जोडणीची पितळी टोके गंजून सैल होतात. सैल टोक तापते. बोर्डात प्लग घातल्यावर तो हाताला गरम लागत असेल किंवा डुगडुगत असेल, तर बोर्ड बदलावा. स्कूटरसाठी जाड वायरचा, अर्थिंग असलेला स्वतंत्र बोर्ड मिस्त्रीकडून बसवून घ्यावा. खिडकीतून लोंबणारी बारीक वायर आणि तिच्या टोकाला एक्स्टेन्शनची पेटी हा प्रकार बंद झाला पाहिजे. या तापटपणाच्या उलट टोकाची गोष्ट म्हणजे शून्य अंशाखालच्या थंडीतही या बॅटऱ्या चार्ज करणे वाईट. पण ती काळजी हिमालयातील लोकांनी करावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. बॅटरी घराबाहेर ठेवा असे सांगणे सोपे आहे. लष्करातील एका वाड्यात आम्ही तसे सुचविले, तेव्हा तेथील वयस्क गृहिणी म्हणाल्या, ‘‘अहो, बाहेर ठेवली तर सकाळी असेल का ती? माझ्या मुलाची रोजी त्या डब्यात आहे.’’ आम्हांला यावर चटकन उत्तर सुचले नाही, कारण त्यांचे म्हणणे खरे होते. बॅटरी महाग आहे, तिची चोरी होते, आणि म्हणूनच माणसे ती घरात घेतात. ‘घरात ठेवू नका’ एवढेच सांगून जो थांबतो, त्याने या माउलीची अडचण ऐकलेलीच नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे मार्ग असा निघू शकतो. वाड्याच्या मागच्या अंगणात किंवा गच्चीवर, उघड्या हवेत, भिंतीत पक्का रोवलेला जाळीचा लोखंडी पिंजरा लोहाराकडून करून घ्यावा. खाली फरशी, वर पावसासाठी पत्रा, आणि पुढे कुलूप. आत लाकूड, गोणपाट, कागद किंवा कपडा यांपैकी काहीही नसावे. खर्च होईल, परंतु एका बॅटरीच्या किमतीच्या मानाने तो थोडाच असतो. आपल्या खेड्यांत बहुतेकांना अंगण व पडवी असल्यामुळे हे शहरापेक्षा सोपे आहे. पडवीतच गाडी लावावयाची असेल, तर पुढच्या दारापासून दूरच्या टोकाला लावावी. गवताची गंजी, सरपण आणि गोठा यांच्याजवळ कदापि नको. ज्यांना अंगण नाही, गच्ची नाही, दोन खोल्यांत सहा माणसे आहेत, त्यांनी निदान दोन गोष्टी पाळाव्यात. बॅटरी आणि बाहेरचे दार यांच्यामध्ये झोपणारी माणसे अडकतील अशी तिची जागा नसावी, आणि ती चार्ज होत असताना घरातील कोणीतरी जागे असावे.

वेळेचा विचारही जागेइतकाच महत्त्वाचा आहे. भरत आलेली बॅटरी अर्ध्या भरलेल्या बॅटरीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण बिघडल्यास बाहेर पडावयाची शक्ती तीत जास्त असते. रात्री दहा-अकराला प्लग लावून माणूस झोपला, की बॅटरी भरते दोन-तीनच्या सुमारास, म्हणजे झोप अगदी गाढ असताना. वेल्लोर, वसई, रतलाम येथील प्रसंग रात्रीचे वा पहाटेचे होते, यात नवल वाटावयास नको. संध्याकाळी घरी येताच बॅटरी निवू द्यावी, दिवेलागणीला चार्जिंगला लावावी, आणि निजण्यापूर्वी प्लग काढून टाकावा. पूर्ण भरली नसेल तरी दुसऱ्या दिवसाच्या कामापुरती ती बहुधा भरलेली असते. रात्री उशिरा परतून पहाटे पुन्हा निघणाऱ्या रिक्षावाल्याला मात्र हे जमणार नाही. त्याच्यासाठी पाच-दहा जणांनी मिळून वस्तीबाहेर एखादी मोकळी, पत्र्याची शेड भाड्याने घ्यावी, तेथे मीटर घ्यावे आणि रखवालीला माणूस ठेवावा. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांनाही अशीच मोकळी हवा लागते, कारण चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन वायू सुटतो. या कामी गावची पतपेढी किंवा पंचायत पुढे आली तर बरे होईल. एकट्यादुकट्या गरिबाच्या आवाक्यातले हे काम नाही, आणि त्याच्यावर सगळा दोष ढकलणे आम्हांला योग्य वाटत नाही.

मोबाइलविषयी थोडे. तो उशीखाली ठेवून चार्ज करू नये, कारण उशी त्याची उष्णता कोंडून धरते. फोनची पाठ फुगून वर आली असेल, तर आत वायू जमला आहे असे समजावे आणि फोन त्याच दिवशी बंद करावा. फुगलेला भाग दाबून बसविण्याचा किंवा सुईने टोचण्याचा प्रयोग घरातील मुले करतात, त्यांना आवरावे. औषध मारण्याच्या पंपाची बॅटरी हंगाम संपल्यावर पूर्ण रिकामी करून ठेवतात, तेही चुकीचे आहे. सुमारे अर्धी भरलेली अशी, कोरड्या व थंड जागी ठेवावी, आणि काही महिन्यांनी एकदा तपासावी.

बॅटरी बिघडत असल्याच्या खुणा पुष्कळदा आधी दिसतात. पेटी फुगणे, गोडसर किंवा जळका वास येणे, ‘सूं’ असा आवाज निघणे, गाडी उभी असूनही तिचा डबा तापणे, पूर्वी चार तासांत भरणारी बॅटरी एकाएकी तासाभरात ‘भरली’ असे दाखविणे. अशी कोणतीही खूण दिसली तर तिला वीज लावू नये. गाडी जोरात पडली असेल किंवा पुराच्या पाण्यात बुडाली असेल, तरी तपासणी झाल्यावाचून चार्ज करू नये. पाणी आत शिरल्याचा परिणाम कित्येकदा दोन-चार दिवसांनी दिसून येतो.

एवढे करूनही आग लागलीच, तर पहिले काम माणसे बाहेर काढण्याचे. बॅटरी उचलून बाहेर फेकण्यास कोणी धावू नये. ती हातातच फुटते. लहान मुले व म्हातारी माणसे यांना घेऊन, धुरात खाली वाकून, बाहेर पडावे आणि मागे त्या खोलीचे दार ओढून घ्यावे, म्हणजे धूर घरभर पसरण्यास वेळ लागतो. हाताशी आल्यास मेन स्विच बंद करावा, आणि बाहेरून ११२ किंवा १०१ वर फोन करून ‘लिथियम बॅटरीची आग आहे’ असे स्पष्ट सांगावे. या आगीवर पाणी घालू नये असा एक समज आहे. शुद्ध लिथियम धातूच्या बाबतीत तो खरा आहे. पण या बॅटऱ्यांत तो धातू तशा रूपात नसतो, आणि त्यांना थंड करण्यास भरपूर पाणी हाच उपाय आहे. विमानात प्रवाशाचा फोन पेटला तर कर्मचारीही पाणीच ओततात. फरशीवर एखादा फोन जळत असेल, तर प्लगची वीज तोडून दुरून बादलीभर पाणी ओतावे. स्कूटरची बॅटरी पेटली असेल तेव्हा मात्र बादलीने काही होत नाही, ते काम अग्निशामक दलाचे. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही, पुन्हा पेट घेते. म्हणून ती घरात परत आणू नये.

२०२२ च्या दुर्घटनांनंतर केंद्र सरकारने विजेच्या दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचे नियम कडक केले. एआयएस १५६ नावाच्या मानकातील सुधारणा १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनी लागू झाल्या. एक सेल बिघडला तरी त्याची आग सगळ्या बॅटरीत पसरू नये, याची चाचणी त्यांत आहे. तेव्हा जुनी गाडी स्वस्तात घेताना ती त्याआधीची की नंतरची, एवढे तरी विचारावे. सुट्या बॅटरीवर आणि पॉवर बँकवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह व इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावयास हवा. तालुक्याच्या गावी जुन्या बॅटऱ्यांतले बरे सेल निवडून, नवे वेष्टण चढवून ‘नवी’ बॅटरी करून देणारे कारागीर निघाले आहेत. त्यांच्या हातची कला मान्य केली, तरी नव्या-जुन्या सेलांची खिचडी झालेली बॅटरी घेऊ नये.

शेवटी मेलेल्या बॅटरीचे काय करावयाचे, हा प्रश्न उरतो. ती कचऱ्यात टाकली तर कचऱ्याच्या गाडीत दाबली जाऊन पेटते. होळीत किंवा शेकोटीत टाकली तर काय होईल ते सांगावयास नको. भंगारवाला ती हातोड्याने फोडतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी त्या तयार करणाऱ्यांवर व आयात करणाऱ्यांवर आहे. म्हणून तिची दोन्ही टोके चिकटपट्टीने झाकून, जेथून घेतली त्या दुकानी ती परत द्यावी आणि पावती मागावी. नेईपर्यंत तिला घराबाहेर, वाळू भरलेल्या जुन्या मातीच्या कुंडीत ठेवले तरी चालेल.